सुई टोचली आणि नळाला पाणी आलं

प्रश्न : मी 69 वर्षांची, अशोक चौकाजवळ एकटी राहते. शुगरसाठी दोन वेळा इन्सुलिन घेते. गेल्या महिन्यात पाणी भरताना दोनदा दरदरून घाम फुटला, हात लटपटले, कळशी सुटली. शेजारीण म्हणते, ऊन बाधलं. दुसरं, दुपारभर लाईट नसते, तेव्हा इन्सुलिनची बाटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवू का?

उत्तर : ताई, हे ऊन नव्हे. सुई टोचून झाली होती आणि जेवण राहिलं होतं, असंच ना? मी 34 वर्षं नर्स होते, बायकांना हेच सांगत आले आणि रिटायर झाल्यावर स्वतःच फसले. सातला इन्सुलिन घेतलं, अर्ध्या तासानं जेवायचं होतं. तेवढ्यात गल्लीत ओरड, पाणी आलं! आपल्याकडं ते चार-पाच दिवसांनी येणार, मग कोण थांबतंय? आधी पिण्याचं, मग बॅरल, मग शेजारच्या आजींच्या घागरी. आठ वाजता मला मोटारीचं बटण दिसेना. नातवानं साखरपाणी पाजलं म्हणून आज हे लिहितेय.

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की असं होतं. लगेच 3 चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, 15 मिनिटं बसून पुन्हा तपासायचं. चढली नसेल तर परत तेवढीच. शेंगालाडू नको, दाण्यातल्या तेलानं साखर रक्तात उतरायला उशीर होतो. भाकरी नंतर. एकट्या आहात, तर साखरेची पुडी कमरेला असू द्या. आणि ताट वाढून झाकल्याशिवाय सिरिंजला हात लावायचा नाही. मग नळ धो धो वाहिला तरी जेवल्याशिवाय उठायचं नाही. मनानं डोस गाळू नका. घाम फुटला त्या दोन्ही तारखा डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागेल कदाचित.

फ्रीजरचं नावच काढू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच. त्यापेक्षा मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे वाळू, ती सकाळ-संध्याकाळ ओली करायची. भाजी धुतलेलं पाणी चालतं. बाटली डबीत घालून आत, वर ओलं फडकं. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा, साधारण 28 दिवस चालते.

जाता जाता, बाटलीवर 40, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, लिहिलंय का बघा. असेल तर सिरिंज लाल टोपीचीच हवी. मेडिकलवाल्यानं नारिंगी टोपीची दिली, तर तिथंच परत करा, ती 100 च्या बाटलीची, तिनं डोस चुकतो.