वहीच्या मागच्या पानावरचे प्रश्न

"मॅडम, क्लबमध्ये पद मिळालं नाही तर न्यूरॉलॉजीचं दार बंदच ना?" नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की थोड्याफार फरकाने हे वाक्य माझ्याकडे येतंच. कुणाच्या कॉलेजात न्यूरॉलॉजीचा, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांच्या शास्त्राचा, विद्यार्थी क्लबच नसतो, कुणाला तिथले सगळे आपल्यापेक्षा हुशार वाटतात, कुणी तीन-तीन क्लब धरून दमलेलं असतं. तक्रारी निरनिराळ्या, धास्ती एकच: आपण मागे पडलो.

मैत्रेयी (हे तिचं खरं नाव नव्हे) वैद्यकीय पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सहा महिने क्लबची एकही बैठक चुकवली नव्हती आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आता सचिवपदाच्या निवडणुकीने तिची झोप उडाली होती.

"मी सचिव व्हायलाच हवं."

"नाही झालीस तर?"

"मग माझ्यात काही नाहीच, हे सगळ्यांना कळेल."

मी समुपदेशनात अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते. 'असंच व्हायला हवं' हा हट्ट माणसाला छळतो, असं तो म्हणायचा. त्यामुळे असा 'च' कानावर पडला की तिथेच थांबते. मराठीने ही मोठी सोय करून ठेवली आहे. माणसाचा हट्ट एका अक्षरात सापडतो. पण पहिल्या दोन भेटींत मी या 'च'शी नुसता वाद घातला. तिला माझं सगळं पटायचं आणि पोटातला गोळा तसाच घेऊन ती घरी जायची.

तिसऱ्या भेटीत काहीतरी शोधताना तिच्या वहीचं मागचं पान उघडलं. पेन्सिलने लिहिलेले सतरा प्रश्न.

"हे काय गं?"

"काही नाही मॅडम. बैठकीत सुचलेले बावळट प्रश्न."

पहिलाच मी मोठ्याने वाचला: मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की शरीराची उजवी बाजू का लुळी पडते?

"हे शिकवलं असेल की तुम्हाला."

"कसं ते शिकवलंय. हालचालीचे आदेश नेणारे बहुतेक तंतू मेड्युलाच्या, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, खालच्या टोकाशी बाजू बदलतात. पण का बदलतात?"

आणि माझ्याच पॅडवर ती आकृती काढायला लागली. सात-आठ मिनिटं बोलत होती. त्यात एकही 'च' नव्हता. हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

मी गृहपाठ दिला. पुढच्या बैठकीत हाच प्रश्न विचारायचा, आणि आधी "माझा प्रश्न जरा बावळट आहे" असं म्हणायला बंदी. कुणी हसलं तर ते हसू सोसून परत यायचं. लाज झिजवायला एलिस लोकांना असलेच उद्योग सांगायचा.

"हसलं कुणी?" पंधरा दिवसांनी मी विचारलं.

"दोघं. मग मार्गदर्शक डॉक्टर म्हणाले, याचं सर्वांना मान्य असलेलं उत्तर अजून कुणाकडे नाही. काहाल या मेंदूशास्त्रज्ञाने डोळ्यांच्या नसांच्या फुलीवरून एक स्पष्टीकरण मांडलं होतं, तेही वादातच आहे. अर्धा तास त्यातच गेला!"

त्या दिवशी मलाही एक गोष्ट नीट दिसली. मुलं क्लबला परीक्षेचा हॉल समजतात. खरं तर पदवीच्या धबडग्यात 'मला माहीत नाही' म्हटल्यावर गुण न कापणारी तेवढीच जागा असते. १९०६चं नोबेल काहाल आणि गॉल्जी या दोन मेंदूशास्त्रज्ञांना विभागून मिळालं. मज्जासंस्था सुट्या पेशींची बनलेली असते, हा न्यूरॉनचा सिद्धांत काहाल मांडत होता, आणि गॉल्जीने आपल्या नोबेल व्याख्यानातही तो मान्य केला नाही. ज्या विषयात एवढ्या मोठ्यांचं जमलं नाही, तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलीने गप्प का बसावं?

विद्यार्थ्यांना न्यूरॉलॉजीची वाटणारी भीती नवी नाही. १९९४मध्ये राल्फ जोझेफोविच यांनी तिला 'न्यूरोफोबिया' असं नाव दिलं. पुस्तकात शिकलेलं रुग्णाच्या खाटेपाशी वापरता येत नाही, हे तिचं मूळ. म्हणून क्लब निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगते: तिथे एखाद्या रुग्णाची लक्षणं घेऊन 'बिघाड नेमका कुठे?' यावर डोकेफोड होते का? नुसती भाषणं आणि प्रमाणपत्रं असतील तर तो वेळ झोपेला द्या. क्लब नसेल तर तिघं जमा, पंधरा दिवसांनी एक केस घ्या. रुग्णाची ओळख मात्र खोलीत आणायची नाही. २२ जुलैच्या जागतिक मेंदू दिनाचं निमित्त करून एखाद्या न्यूरॉलॉजिस्टला बोलवा आणि यशाची कहाणी न विचारता त्यांचा साधा मंगळवार कसा जातो ते विचारा. डोकेदुखी, फिट्स, पार्किन्सनच्या गोळ्यांचं प्रमाण, नातेवाइकांशी अवघड बोलणं. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) काढणारे तंत्रज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांनाही बोलवा. त्यांना सहसा कुणी विचारत नाही. हे सगळं ऐकून 'हे आपलं काम नव्हे' असं वाटलं, तरी वर्गणी वसूल झाली समजा. पद घ्यायचं तर खुर्च्या मांडण्यात आणि वक्त्यांच्या मागे लागण्यात मजा येत असेल तर घ्या. त्यातून माणसं सांभाळायला शिकाल, न्यूरॉलॉजी नाही.

शेवटच्या भेटीला मैत्रेयी आली तेव्हा वहीतले प्रश्न एकेचाळीस झाले होते.

"आणि सचिवपद?"

"अर्ज भरायची तारीखच विसरले, मॅडम."