बिल्डआधी मशीन तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये ‘लिनक्स असेल तर ही लायब्ररी जोड’ असं लिहिलंय, तरी दोनपैकी एका मशीनवर लिंकिंग, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडणं, का फसतं?

तुमच्या स्क्रिप्टमध्ये युनेम (सिस्टिमचं नाव सांगणारी कमांड) पाहून फाटे फोडणारा जो भाग आहे, तो आधी काढून टाका. गडबड तिथंच आहे. युनेम ‘लिनक्स’ एवढंच सांगतं; कोणतं फंक्शन कोणत्या लायब्ररीत आहे, हे ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीसंचाच्या) आवृत्तीवर ठरतं.

वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांचा डेटा वाचणारा सी प्रोग्राम मी सांभाळतो. माझ्या टेबलावर उबंटू २२.०४, खाली यंत्रांजवळच्या पीसीत सेंटओएस ६; दोन्ही लिनक्सच. वर सगळं सुरळीत, खाली ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू क्लॉक_गेटटाइम’, म्हणजे वेळ सांगणारं हे फंक्शन सापडत नाही. दोन दिवस मी कोड चाळत बसलो आणि कोडमध्ये काहीच चूक नव्हती. हे फंक्शन पूर्वी लिबआरटी या वेगळ्या लायब्ररीत असायचं, २०१२ च्या ग्लिबसी २.१७ पासून ते थेट लिबसी या आपोआप जोडल्या जाणाऱ्या मुख्य लायब्ररीत आलं. सेंटओएस ६ वर ग्लिबसी २.१२ आहे. प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणाऱ्या डीएलओपन फंक्शनचंही तसंच: २०२१ च्या २.३४ पासून ते लिबसीत, त्याआधी लिबडीएलमध्ये. लिनक्सबाहेरच्या युनिक्स घराण्यात बघा: फ्रीबीएसडीवर त्यासाठी लिबडीएल लागतच नाही, आणि जुन्या सोलारिसवर सॉकेटसाठी लिबसॉकेट व लिबएनएसएल जोडावी लागते. एवढे फाटे हाताने किती लिहिणार?

कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनातलं एसी_सर्च_लिब्स हे मॅक्रो वापरा. ते त्या फंक्शनला हाक मारणारा चिमुकला प्रोग्राम लिंक करून बघतं. आधी कोणतीच लायब्ररी न जोडता, मग तुम्ही दिलेली एकेक जोडून. त्याचंच भावंडं एसी_चेक_लिब पहिल्यापासून लायब्ररी जोडूनच तपासतं, त्यामुळे फंक्शन लिबसीत असूनही ‘सापडलं नाही’ म्हणू शकतं. ऑटोकॉन्फऐवजी सीमेक हे बिल्ड साधन वापरणाऱ्यांना डीएलओपनपुरतं सीमेक_डीएल_लिब्स हे व्हेरिएबल पुरतं.

बदल केल्यावर दोन्ही मशीनवरची कॉन्फिग.लॉग (कॉन्फिगरच्या तपासण्यांची नोंद) उघडून शेजारी शेजारी ठेवा. माझ्याकडे क्लॉक_गेटटाइमच्या तपासणीपुढे उबंटूवर ‘नन रिक्वायर्ड’ (काही जोडायला नको) होतं, सेंटओएसवर ‘-एलआरटी’ (लिबआरटी जोडा). ते पाहिलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

३२-बिट विंडोजसाठीही बिल्ड करत असाल तर सॉकेटची तपासणी अशी चालणार नाही. तिथं विनसॉक या विंडोजच्या सॉकेट लायब्ररीतल्या फंक्शनांची नावं कॉलिंग कन्व्हेन्शनमुळे (फंक्शनला हाक मारायच्या ठरलेल्या पद्धतीमुळे) बदलतात, म्हणून विनसॉक२ ची हेडर फाइल घेऊन ऑटोकॉन्फच्याच एसी_लिंक_इफएल्सने स्वतः चाचणी लिहावी लागते.

आणि एका मशीनवर कॉन्फिगरने तयार केलेली मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) पेनड्राइव्हने दुसऱ्यावर नेऊ नका. कॉन्फिगर प्रत्येक मशीनवर नव्याने चालवा.