वाचकांचे प्रश्न : उलटी टक्कर आणि हरवलेले प्रोटॉन

प्रश्न : मी एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) दुसऱ्या वर्षाला आहे. पॉलिथिनच्या दहा मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यावर टिन-१३२ चा (कथिलाच्या किरणोत्सारी समस्थानिकाचा), दर न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातील प्रत्येक प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) १० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा झोत सोडला, तर प्रोटॉन कसे उडतील याचे सिम्युलेशन मी ‘जीएंट-४’ या, कणांचा पदार्थातील प्रवास संगणकावर उभा करणाऱ्या प्रणालीत केले आहे. टक्कर पापुद्र्याच्या मागच्या, म्हणजे झोत बाहेर पडतो त्या, पृष्ठभागावर होते, असे धरले आहे. सरांनी दिलेल्या मोजमापात ८० अंशांजवळ माझ्यापेक्षा फारच कमी प्रोटॉन दिसतात. चूक कोणाची? आणि जड केंद्रकच हलक्यावर मारण्याचा हा उलटा उद्योग मुळात कशासाठी? – एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ. टिन-१३२ चा अर्धायुकाल जेमतेम ४० सेकंदांचा असल्यामुळे त्याचे लक्ष्य करून ठेवणे शक्य नाही. म्हणून त्याचाच झोत करून तो पॉलिथिनमधील हायड्रोजनवर सोडावा लागतो. सावद्याहून केळी भरून निघालेल्या ट्रकला वाटेत चेंडू आडवा आला, तर ट्रकची दिशा बदलत नाही, चेंडू मात्र भलतीकडे उडतो. इथेही टिन कितीही जोरात आदळले तरी अर्ध्या अंशाहून जास्त वळू शकत नाही, त्यामुळे टकरीची हकीकत प्रोटॉनकडूनच काढून घ्यावी लागते.

आता चूक. झोताच्या दिशेशी ८० अंशांवर उडणारा प्रोटॉन म्हणजे वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत (दोन्ही कणांच्या सामायिक वस्तुमानकेंद्राबरोबर जाणाऱ्याच्या नजरेतून) अवघ्या २० अंशांचे प्रकीर्णन, म्हणजे टकरीने दिशा बदलणे. त्याची ऊर्जा सुमारे १.२ एमईव्ही भरते, तर ७० अंशांवर तीच साडेचारच्या पुढे जाते. टक्कर प्रत्यक्षात पापुद्र्यात कुठल्याही खोलीवर होते आणि इतक्या तिरक्या निघालेल्या प्रोटॉनला उरलेल्या जाडीच्या जवळजवळ पावणेसहा पट प्लास्टिक ओलांडावे लागते. मध्यावर निघालेल्याला सुमारे २९ मायक्रॉन, आणि एवढ्या ऊर्जेच्या प्रोटॉनची पॉलिथिनमधील एकूण मजलही जेमतेम तेवढीच! म्हणजे झोत शिरतो त्या बाजूच्या अर्ध्या जाडीत निघालेले बहुतेक प्रोटॉन आतच जिरतात, बाकीचे लंगडत बाहेर येतात, आणि त्यांतले काही डिटेक्टरच्या किमान ऊर्जामर्यादेखाली राहून गळतात. तुमच्या गृहीतात मात्र प्रत्येक प्रोटॉन फुकटात बाहेर पडतो. तेव्हा सरांच्या आकड्यांवर संशय घेऊ नका.

टकरीची खोली यादृच्छिक निवडा आणि झोताच्या ठिपक्याचा आकारही घाला. प्रोटॉन वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत सर्व दिशांना सारखे सोडा; अपेक्षित वितरण आधीच भरले, तर उत्तरात तेच परत मिळाल्याचा भास होतो, हा मोह मी अनेक प्रकल्पांत पाहिला आहे. मग प्रत्येक कोनगटात किती सोडले आणि किती नोंदले गेले, याचे गुणोत्तर काढा व मोजमापाला त्याने भागा. जिथे हे गुणोत्तर शून्याकडे झुकते, ते कोनगट सरळ वगळा. सिम्युलेशनमधून निघालेल्या नोंदी मोजमापाच्याच विश्लेषण प्रोग्रॅममधून, त्याच मर्यादा लावून न्यायला हव्यात, हे वेगळे सांगायला नको.

पॉलिथिनमधील कार्बनही टकरींत भाग घेतो. त्यासाठी निव्वळ कार्बनच्या पापुद्र्यावर घेतलेले मोजमाप वजा करतात. सरांच्या आकड्यांत ही वजाबाकी झाली आहे का, एवढे विचारून घ्या. पातळ पापुद्र्यावरचे मोजमापही उपलब्ध असेल तर मागा. ८० अंशांजवळचे प्रोटॉन त्यातून सुटून आले, तर तिथे रदरफोर्डचे सूत्र (निव्वळ विद्युत प्रतिकर्षणाने कोणत्या कोनात किती कण वळतील हे सांगणारे) जवळजवळ जसेच्या तसे लागू पडत असल्यामुळे झोतातील कणांची मोजणीही पडताळता येईल.