आय-सेव्हनच्या हौसेत कार्ड उपाशी

प्रश्न : दादा, बारावी झाली, पीसीसाठी बाबांनी ६५ हजार कबूल केलेत. मॉनिटर जुनाच, १०८०पी, ७५ हर्ट्झचा. दुकानातून कोटेशन आणलं त्यात आय-७ १२७००एफ, एच६१० मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० लिहून दिलंय. दुकानदार म्हणतो प्रोसेसर दणदणीत घ्या, कार्ड काय नंतर बदलता येतं. मामेभाऊ म्हणतो बरोब्बर उलटं कर. मला रेड डेड रिडेम्पशन २ आणि सायबरपंक खेळायचंय, मित्रांबरोबर व्हॅलोरंट. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मामेभावाचं ऐक. दुकानदार म्हणतो त्यात कार्ड नंतर बदलता येतं एवढं खरंय, पण हे "नंतर" नक्की कधी येणार ते एकदा बाबांना विचारून बघ.

आता का ते सांगतो. घरात पोळ्या होताना एक जण लाटतो आणि एक जण भाजतो, तसं समज. प्रोसेसर लाटणारा, म्हणजे कोण कुठे उभाय, गोळी कुठे लागली, घोडा कुठे वळला हे सगळं ठरवून प्रत्येक फ्रेमचा, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राचा, कच्चा माल तयार करतो, आणि कार्ड तव्यापाशी, ते त्या फ्रेमचे सगळे पिक्सेल रंगवतं. १०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये २० लाखांच्या वर पिक्सेल आणि ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला दर १३ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी. तुझ्या कोटेशनमध्ये लाटायला १२ कोरचा, म्हणजे बारा हातांचा पैलवान बसवलाय आणि तवा भातुकलीचा. लाटलेल्या पोळ्यांचा ढीग लागेल, ताटात काही पडायचं नाही.

पटत नसेल तर सायबरपंकवाल्यांनीच किमान काय मागितलंय ते बघ. प्रोसेसर आय-७ ६७००, जो २०१५ चा आहे, आणि कार्ड जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं. म्हणजे प्रोसेसर म्हातारा चालतोय त्यांना, पण तुझं १६५० त्या किमान कार्डापेक्षाही कमी ताकदीचं आणि मेमरी ४ जीबी. चालेल, नाही असं नाही, सगळं लो वर ठेवून वर एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र ताणून मोठं करायची सोय) लावून धुरकट धुरकट चालेल, त्यासाठी ६५ हजार घालवायचेत का?

माझा हिशोब साधाय, गेमिंगचाच पीसी असेल तर प्रोसेसरवर जेवढे जातील त्याच्या साधारण दुप्पट कार्डावर. तुझ्या बजेटात कार्डाला २४-२५ हजार, प्रोसेसरला ११-१२. प्रोसेसर आय-५ १२४००एफ घे नाहीतर रायझन ५ ५६००, दोन्ही ६ कोर १२ थ्रेडचे (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळायची कामं), १०८०पीला भरपूर झाले. कार्ड ८ जीबीच्या खाली नको, आरएक्स ६६०० बघ, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं चांगल्या भावात मिळालं तर तेही चालेल. रायझन ५ ५६००जी कोणी गळ्यात मारायला लागलं तर नको म्हण, त्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे हे खरं पण कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, आणि तू कार्ड घेणारच आहेस तर त्या ग्राफिक्सचं करणार काय. आणि १२४००एफ मधल्या एफचा अर्थ लक्षात ठेव, त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची, बोर्डाला लावून "पीसी चालू होत नाही" म्हणून रात्री अकराला फोन करणारे मला दर महिन्याला भेटतात.

रॅम ८-८ च्या दोन काड्या, १६ ची एक नको. २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे चढले की दुकानदार एकच काडी देऊन "दुसरी नंतर टाका" म्हणतो (परत तेच नंतर!). पॉवर सप्लाय ५५० वॅटचा ८० प्लसवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, तिथे काटकसर करू नकोस. वाचवायचेच असतील तर कॅबिनेटच्या लाइटांवर वाचव.

मी हे शहाणपण शिकवतोय पण माझा पहिला पीसी अगदी तुझ्या कोटेशनसारखाच होता. आय-७, आणि शेजारी २ जीबीचं नावापुरतं कार्ड. गल्लीतल्या दुकानदारानं सांगितलं, मी मान डोलावली. गेममध्ये शत्रू दिसायच्या आत मी मेलेला असायचो, मग वर्षभर त्या आय-७ वर पत्ते खेळलो, स्टिकर मात्र रोज पुसायचो.

राहिलं व्हॅलोरंट. तिथे मात्र उलटं आहे, चित्र साधं, कार्डाला फार काम नाही, फ्रेम वाढतात त्या प्रोसेसरच्या जिवावर. पण ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर १२४००एफ सुद्धा गरजेपेक्षा जास्तच देतो. उद्या २४० हर्ट्झचा मॉनिटर आणून फक्त तेवढंच खेळणार असशील तर परत विचार, हिशोब बदलेल.

प्रश्न : ऑफिसातून निघालेला पीसी स्वस्तात मिळाला, आय-५ ४५७०, रॅम १६ जीबी. मुलासाठी त्यात आरटीएक्स ४०६० टाकावं म्हणतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ६०-७० टक्केच दिसतो, म्हणजे प्रोसेसरला अजून दम आहे ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही हो, त्या आकड्यानं फसू नका. तो सगळ्या कोरची सरासरी दाखवतो. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून ग्राफ लॉजिकल प्रोसेसर्सचा करा, एकेका कोरचा एक असे चार चौकोन दिसतील, आणि गेम चालू असताना त्यातला एखादा कपाळापर्यंत भरलेला असेल. बाकीचे तीन मोकळे असले तरी गेम त्या एकासाठी थांबतो. दुसरी खूण, गेमचं रिझोल्यूशन खाली आणा, फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, होत्या तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

४५७० हा २०१३ चा, ४ कोर ४ थ्रेड. ४०६० टाकलंत तर नव्या गेममध्ये कार्ड निम्मा वेळ हातावर हात ठेवून बसेल आणि झटके येतील ते वेगळेच. शिवाय ऑफिसच्या पीसीतल्या पॉवर सप्लायला कार्डाची वेगळी वायर बहुतेक नसते, कॅबिनेट उघडून आधी ते बघा. नसेल तर स्लॉटमधून मिळतात तेवढ्या ७५ वॅटवर चालणारं कार्ड लागेल, आणि गंमत म्हणजे वर ज्याला मी नावं ठेवली ते १६५० इथे फिट बसतं, ज्याला वेगळी वायर लागत नाही ते मॉडेल बघून सेकंडहँड घ्या. जीटीए ५, व्हॅलोरंटपुरतं छान चालेल. विंडोज ११ घालायला जाल तर मात्र हा प्रोसेसर तिथे अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे या मशीनवर मोठा खर्च नकोच. ४०६० चे पैसे बाजूला ठेवा, बोर्ड-प्रोसेसर-रॅम एकदम बदलाल तेव्हा कामी येतील.

प्रश्न : एका कॅल्क्युलेटरवर माझ्या प्रोसेसर-कार्डाच्या जोडीला १४ टक्के बॉटलनेक (म्हणजे एकामुळे दुसरं अडकणं) दाखवतंय. कार्ड परत करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही कुठला गेम, कुठल्या सेटिंगवर खेळता हे त्यानं विचारलं का? नाही ना? मग ते १४ टक्के कशाचे? कार्ड ठेवा, टॅब बंद करा.