पाळीच्या दिवसांत खाल्लेलं अंगी लागत नाही, हे खरं का?

ताई, फोंड्याच्या तुमच्या सासूबाई म्हणतात तसं नाही. लोहाबाबत तर जवळजवळ उलटंच घडतं.

यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं. आतड्यातून लोह रक्तात जाऊ देणारं दार ते बंद करतं. पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. साठा उतरला की हेप्सिडिन कमी होतं, दार उघडतं आणि आतडं जास्त लोह ओढून घेतं. शरीर भरपाईला लागलेलं असतं, आपण त्याला सामग्री द्यायची.

पाळीआधी पोट जड वाटतं, कारण प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्याची हालचाल मंदावते. पाळी आली की प्रोस्टाग्लँडिन या गर्भाशय आकुंचवणाऱ्या रसायनामुळे कुणाकुणाला जुलाबही होतात. याचा अर्थ अन्न वाया गेलं असा नव्हे.

माझा खरा आक्षेप आपल्या चहावर आहे. सकाळी तांबडी भाजी-पाव आणि लगेच कडक चहा! चहातली टॅनिन्स भाजीतलं लोह अडवतात. तासभर थांबा. भाजीवर लिंबू पिळा, वर एखादा पेरू खा, त्यांतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं होत असेल तर फारच उत्तम, त्यांत लोह भरपूर असतं. आणि पाळीत मासळी वर्ज्य ठेवत असाल तर कृपा करून ते सोडा.

रक्तस्राव ७ दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो.