निर्लेखनातले खरवडणे

‘सदर वाहन निर्लेखित करण्यास मंजुरी देण्यात येत आहे’ या कार्यालयीन आदेशातील ‘निर्लेखित’ म्हणजे काय, हा शब्द आला कोठून, आणि स्वतःची जुनी स्कूटर भंगारात दिली तर ती ‘निर्लेखित केली’ असे म्हणावे का, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे.

अर्थाबद्दल फार लिहायला नको. वापरण्याजोगी न उरलेली वस्तू मालमत्तेच्या नोंदीतून कमी करणे म्हणजे निर्लेखन. मग ते वाहन असो, यंत्र असो की डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली खुर्ची. यात जाते ती नोंद. वस्तू जागेवरच असते आणि तिचा लिलाव किंवा तोडणी नंतर होते. म्हणूनच ‘रस्त्याकडेला निर्लेखित अवस्थेत पडलेली वाहने’ असे वाक्य वाचले की मला राहवत नाही, कारण ती वाहने बेवारस असतील, मोडकळीला आलेली असतील, पण त्यांची नोंद कोणी कमी केलेली नसते. बँकेने निर्लेखित केलेले कर्ज माफ झाले, ही समजूतही अशीच चुकीची आहे; ते ताळेबंदातून जाते, वसुलीचा हक्क जात नाही.

‘निर्धन’, ‘निर्दोष’ यांप्रमाणे येथेही ‘निर्’ अभावदर्शक मानून ‘लेखन नसलेले ते निर्लेखित’ अशी फोड काही जण करतात. ती साफ चुकीची आहे. नामाला लागलेला ‘निर्’ बहुधा अभाव दाखवतो, परंतु धातूला लागलेला ‘निर्’ बाहेर काढण्याचा अर्थ देतो. निर्गमन, निर्यात आणि निर्वासन या शब्दांत तोच आहे.

हा शब्द म्हणजे इंग्रजी ‘राइट ऑफ’चे शब्दशः भाषांतर आहे, त्याला स्वतःचे कूळ नाही, असेही जाणकार म्हणवणारे सांगतात. हिशेबातला आजचा अर्थ त्या इंग्रजी संज्ञेसाठी योजला गेला, एवढे मी मान्य करतो. पण शब्द नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘जिह्वानिर्लेखन’ येते, आणि ते आहे जीभ खरवडण्याचे साधन! सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांचे, धार नसलेले आणि वाकवलेले. सुश्रुतानेही शस्त्रकर्मांच्या आठ प्रकारांत छेद्य, भेद्य यांच्याबरोबर ‘लेख्य’ सांगितले आहे, तेही खरवडण्याचेच कर्म. ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे हाच होय. त्याचे जुने रूप ‘रिख्’ ऋग्वेदात आढळते, तेथे पूषन् देवाला पणी नावाच्या कृपण लोकांची हृदये ओरबाडण्याची विनंती केलेली आहे. त्याच ‘रिख्’पासून रेखा झाली आणि रेखेची आपली मराठी रेघ. अक्षरे आधी टोकदार वस्तूने कोरली जात, म्हणून ओरखडण्याचे ‘लिहिणे’ झाले. विशेष म्हणजे इंग्रजी ‘राइट’चाही मूळ अर्थ कोरणे, ओरखडणे असाच आहे. तेव्हा भाषांतरकाराने येथे उसनवारी केली असे म्हणण्यापेक्षा घरातलाच जुना शब्द नेमक्या जागी बसवला असे म्हणणे मला न्याय्य वाटते, कारण निर्लेखन म्हणजे वहीत कोरलेली नोंद खरवडून बाहेर काढणे.

वाहनाच्या बाबतीत तर ही व्युत्पत्ती अक्षरशः डोळ्यांना दिसते. चेसिस क्रमांक धातूवर कोरलेला असतो, म्हणजे ते मूळ अर्थाने ‘लेखन’च आहे, आणि वाहन मोडीत काढताना तो कोरलेला तुकडा कापून वेगळा करतात.

स्कूटरविषयी सांगायचे तर ‘मोडीत काढली’ हे अस्सल मराठी आहे. परिवहन कार्यालयातून तिची नोंद काढून घ्याल, तेव्हा ‘नोंदणी रद्द केली’ म्हणावे. निर्लेखनासाठी आधी मालमत्तेची वही असावी लागते, आणि घरच्या स्कूटरची तशी वही कोणी ठेवत नाही.