कापसाचे पैसे भाऊ ऑनलाइन रमीत हरला. पोलिसांत गेलो तर त्यालाच धरतील का?

नाही दादा, भावाला आधी हेच सांगा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. यूपीआयच्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढा आणि आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे परत मिळतीलच याची खात्री नाही, पण तक्रार कराच.

आपल्या खान्देशात कापूस-केळीचा पैसा एकरकमी हातात येतो, मोह तेव्हाच जास्त. पुढची पट्टी, म्हणजे माल विकल्याचे पैसे, आईच्या खात्यात घ्या. हरलेलं भरून काढायला उसने पैसे तर अजिबात देऊ नका! हे व्यसन आहे, नुसतं रागावून सुटत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत बोलता येतं. तो फोन लावेल तेव्हा शेजारी बसा.